कुठे काय आहे

नव्या घरात सामान लागून काही दिवस झाले होते. मी बाहेरच्या खोलीत वायरींचा गुंता सोडवत बसले होते आणि आई स्वयंपाकघरात होती. आतून खण उघडल्याचे आवाज येत होते. एक उघडला, मिटला. दुसरा उघडला, मिटला. मग वरच्या कपाटाचं दार वाजलं, मग पुन्हा पहिलाच खण. शेवटी तिने हाक मारली, "अगं, गाळणी कुठे ठेवलीय गं?" मी उठून गेले, वहिनीने ओट्याखालच्या कप्प्यात ठेवलेली गाळणी काढून दिली. आई "हां, इथे होय" म्हणाली आणि पुन्हा कामाला लागली. एवढंच झालं. पण परत येऊन वायरी हातात घेतल्या तरी ते वाक्य डोक्यातून जाईना, कारण आईच्या तोंडून ते मी पहिल्यांदाच ऐकत होते.

आमच्या घरात हा प्रश्न आम्ही विचारायचो आणि उत्तर ती द्यायची. कात्री कुठे आहे, मोठी सुई कुठे आहे, गेल्या वर्षीची बिलं कुठे आहेत, जुन्या चष्म्याचं घर कुठे आहे. हातातलं काम न थांबवता, मान न वळवता ती सांगायची, "मधल्या खणात, उजव्या कोपऱ्यात, दोऱ्यांच्या डब्याखाली." आपण खण उघडून "नाहीये इथे" म्हणावं, तर आतूनच आवाज यायचा, "डबा उचललास का?" डबा उचलला की खाली कात्री असायची. बाबांना कागदपत्रांच्या तारखा पाठ, कुठली वस्तू कुठल्या वर्षी घेतली हेही पाठ. पण ती आत्ता कुठे आहे हे विचारायला तेसुद्धा आईकडेच जायचे. वर्षातून एकदा लागणाऱ्या, कित्येक वर्षांत न लागलेल्या, कधीतरी लागतील म्हणून ठेवलेल्या शेकडो वस्तूंचे पत्ते तिच्यापाशी होते आणि त्यातला एकही कुठे लिहिलेला नव्हता. नळ सोडला की पाणी यावं तशी आईला विचारलं की वस्तू सापडायची. त्यामुळे हे काही वेगळं ज्ञान आहे, ते कुणीतरी सांभाळतंय, असं आमच्या मनातही आलं नाही.

नवं घर दादा-वहिनीने लावलं. आईचे गुडघे दुखतात, वाकायला त्रास होतो, म्हणून दोघांनी तिला खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, तुम्ही नुसतं बघा. आणि त्यांनी ते खरोखर उत्तम लावलं होतं. रोजच्या वस्तू हाताच्या उंचीवर, जड भांडी खाली, क्वचित लागणारी वर. जुन्या घरात जे जागेअभावी कुठेही कोंबलेलं होतं, ते इथे नीट रांगेत बसलं होतं. त्या मांडणीत बोट ठेवायला जागा नव्हती, आणि तिच्यामागची माया तर मी डोळ्यांनी पाहिली होती.

घर लावून झालं होतं, आणि आईला ते सापडत नव्हतं.

सामानाच्या बांधाबांधीबद्दल मी बऱ्याच जणांशी तासन् तास बोलू शकते. मला ते काम मनापासून आवडतं. आमची, नातेवाइकांची, मैत्रिणींची बिऱ्हाडं हलली तेव्हा मी हौसेने जाऊन बसलेली आहे. घर हलवायचं म्हटलं की माणसं आधी गाडीचा आणि खोक्यांचा विचार करतात, आणि ते बरोबरच आहे. पण त्या दिवशी गाळणी देऊन आल्यावर मला जाणवलं, की घरातून आणखी एक गोष्ट न्यायची असते, तिला वजन नसतं, आणि ती कुठल्याच खोक्यात भरलेली नसते. कुठे काय आहे, हे माहीत असणं. सगळ्या वस्तू धडधाकट पोचल्या, एक कप फुटला नाही, तरी ही एक गोष्ट वाटेत सांडून जाऊ शकते. उरलेली सगळी बांधाबांध आता मी याच नजरेने बघते.

घर बदलण्याचा ताण फार मोठा असतो, असं सगळे म्हणतात. थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ मध्ये आयुष्यातल्या ४३ घटनांची एक यादी केली आणि प्रत्येक घटनेला, तिच्याशी जुळवून घ्यायला माणसाला किती कष्ट पडतात, यावर गुण दिले. जोडीदाराच्या मृत्यूला १००, घटस्फोटाला ७३, लग्नाला ५०, निवृत्तीला ४५. त्यात राहती जागा बदलण्याला किती असतील? फक्त २०. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तो पटलाच नव्हता. मग हळूहळू लक्षात आलं, की घर सहसा एकटं बदलत नाही. कुणी निवृत्त झालेलं असतं म्हणून ते बदलतं, कुणाचं लग्न झालेलं असतं, कुणी गेलेलं असतं, नोकरी बदललेली असते, मुलं बाहेर पडलेली असतात आणि खोल्या मोठ्या वाटायला लागलेल्या असतात. यादीत त्या प्रत्येकाचे गुण वेगळे लावलेले आहेत. खोकी बांधताना हात ज्याने थबकतो ते बहुतेक वेळा त्या दुसऱ्या ओळीतलं काहीतरी असतं. वीस गुणांचं काम मात्र हातांचं आहे, आणि हाताचं काम शिकता येतं. म्हणून मला ते नीट करायला आवडतं. निदान तेवढ्या वीस गुणांवर तरी आपली सत्ता चालते.

खोक्यांपासूनच सांगते. कोऱ्या खोक्याला एक वास असतो, कोरडा, किंचित गोडसर, आणि चिकटपट्टी ओढली की होणारा तो चर्र आवाज. या दोन गोष्टी घरात सुरू झाल्या की घर हलणार याची खात्री पटते, तोवर ते नुसतं बोलणं असतं. नालीदार कागदाचं पहिलं पेटंट इंग्लंडमध्ये १८५६ साली हीली आणि अ‍ॅलन या दोघांनी घेतलं, ते उंच टोप्यांना आतून अस्तर लावण्यासाठी. बाटल्या आणि दिव्याच्या काचा गुंडाळायला तो वापरावा हे न्यूयॉर्कच्या अल्बर्ट जोन्सने १८७१ मध्ये सुचवलं. पुढे घडीची खोकी आली, आपण सपाट आणतो आणि घरी उभी करतो तशी. त्यामागे ब्रुकलिनचा छापखानेवाला रॉबर्ट गेअर होता. त्याच्या कारखान्यात पिशव्यांना घडी पाडणारी एक धातूची पट्टी सरकली आणि घडी पडण्याऐवजी पिशव्या कापल्याच गेल्या. त्यावरून त्याला सुचलं की कापणं आणि घडी पाडणं ही दोन्ही कामं एकाच फटक्यात होऊ शकतात. बुडबुड्यांच्या प्लॅस्टिकचीही तीच तऱ्हा. १९५७ मध्ये आल्फ्रेड फील्डिंग आणि मार्क शवान यांना त्यातून भिंतीला लावायचा उठावदार कागद करायचा होता. आपल्या काचेच्या वस्तू ज्यांच्या भरवशावर प्रवास करतात, त्या गोष्टी मुळात टोपी आणि भिंतीसाठी जन्मल्या होत्या, हे मला फार आवडतं.

खोक्याचं बळ त्याच्या चार उभ्या कोपऱ्यांत असतं. एकावर एक रचताना कोपऱ्यावर कोपरा आला तर खालचं खोकं बरंच वजन पेलतं. वरचं जरा तिरकं बसलं की भार मधल्या नरम भागावर येतो आणि खालचं बसकण मारतं. अर्धं रिकामं खोकं चेपतं, ठासून भरून पोट फुगलेलं खोकंही तितकंच कमजोर, कारण फुगलेल्या भिंती भार घेत नाहीत. ओल लागली की तर विचारूच नका. पुठ्ठा दमट हवेतसुद्धा मऊ पडतो. म्हणून रिकाम्या जागा टॉवेल, उशांचे अभ्रे, मोजे यांनी भराव्यात. कपड्यांना वेगळी जागा लागत नाही, ते घरातलं सर्वांत चांगलं गादीकाम आहे. ताटल्या आडव्या थरात न ठेवता उभ्या ठेवायच्या. आडव्या रचल्या तर खालच्या ताटलीवर वरच्या सगळ्यांचं वजन येतं, आणि एका हिसक्यात ती तडकते. उभी ताटली कडेवर धक्का सोसते. माझ्या एका मावशीला हे कुणी शिकवलेलं नव्हतं, पण तिने आयुष्यभर काचेची भांडी अशीच नेली आणि अशीच पोचवली.

पुस्तकांबद्दल मात्र मी जरा हट्टीच आहे. नेहमीच्या छपाईच्या कागदाचं पाचशे तावांचं एक रीम अडीच किलो भरतं, आणि ते एवढंसं असतं. त्या हिशेबाने चाळीस सेंटिमीटर लांबी-रुंदी-उंचीचं खोकं, म्हणजे ६४ लिटरचं, पुस्तकांनी भरलं तर चाळीस-पन्नास किलोंवर जातं. कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या नायॉश या अमेरिकेतल्या सरकारी संस्थेने १९९१ मध्ये वजन उचलण्याचं सुधारित सूत्र तयार केलं. त्यात वस्तू अंगाजवळ आहे, पकड चांगली आहे, वाकायचं-वळायचं नाही, अशी सगळी परिस्थिती अनुकूल असली तरी वरची मर्यादा २३ किलो धरली आहे. जिन्यावर यातलं काहीच अनुकूल नसतं. म्हणून पुस्तकं लहान खोक्यात. तीस सेंटिमीटरचं खोकं भरून वीस किलोंच्या आसपास होतं, आणि तेही मी काठोकाठ भरत नाही, वर एखादी चादर टाकते. मोठ्या खोक्यात पुस्तकं भरून "बघा बुवा, जड आहे" असं हमालाला सांगणारी माणसं मी पाहिली आहेत. त्या माणसाची पाठ दिवसभर तेच काम करते, आणि उद्याही करायची असते. खोकं भरणाऱ्याने ते आधी स्वतः उचलून बघावं, एवढी साधी माणुसकी त्यात आहे.

आता लेबलं. इथे माझं मन खरं गुंततं. खोक्याच्या वरच्या बाजूला लिहिलेलं काही कामाचं नसतं, कारण त्यावर दुसरं खोकं बसतं. लिहायचं ते लगतच्या दोन बाजूंवर, म्हणजे एक बाजू भिंतीकडे गेली तरी दुसरी दिसू शकते. जाड टोकाच्या पेनाने, लांबून वाचता येईल असं. आणि ते कुठून आलं हे लिहिण्यापेक्षा कुठे जायचंय हे लिहायचं, कारण उचलणाऱ्या माणसाला तुमच्या जुन्या घराशी काही देणंघेणं नसतं. त्याला मागची खोली की पुढची, एवढं कळलं पाहिजे. नाजूक वस्तूंसाठी पेल्याचं चित्र, ही बाजू वर असं सांगायला दोन बाण, पाण्यापासून जपायला छत्री. ही चित्रं आयएसओ ७८० या आंतरराष्ट्रीय मानकात ठरवून दिलेली आहेत, आणि ती चित्रं आहेत यातच त्यांचं मोल आहे. उचलणाऱ्याला तुमची लिपी यायला हवी असं नाही. बाकी खोक्यावर एक मोठा आकडा पुरे. आकड्यापुढचा तपशील वहीत.

सगळ्यात वाईट लेबल म्हणजे 'इतर'. प्रत्येक बिऱ्हाडात शेवटच्या दिवशी, थकलेल्या हातांनी, 'इतर' लिहिलेली खोकी बांधली जातात. त्यात टॉर्च असतो, जुनी घड्याळं असतात, कुणाच्या तरी औषधाची बाटली असते, मापाची टेप, एक सुटं चाक, पासपोर्ट. खरं तर घरातल्या एकट्यादुकट्या वस्तू, ज्यांच्या जातीची दुसरी वस्तू नाही, त्यांनाच पत्त्याची जास्त गरज असते. चमच्यांचं खोकं चुकूनही सापडेल, कारण चमचे शंभर ठिकाणी खणखणतात. टॉर्च एकच असतो. आणि असे एकच असलेले सगळे जण 'इतर'मध्ये एकमेकांवर पडून महिनोन् महिने अंधारात राहतात. मी म्हणेन, दमला असाल तर ताटल्यांच्या खोक्यावर काही लिहू नका, चालेल. पण 'इतर'मध्ये काय आहे ते एकेक करून लिहा.

वही करायची ठरली तेव्हा मी आईसमोर बसले होते. बांधाबांध सुरू व्हायला अजून अवकाश होता. मला वाटलं होतं, शिडी लावून माळ्यावर चढावं लागेल, एकेक वस्तू खाली काढून लिहावी लागेल. आई म्हणाली, "चढतेस कशाला? लिही." आणि खुर्चीत बसल्या बसल्या, समोरच्या भिंतीकडे बघत ती सांगत गेली. डाव्या कोपऱ्यात मोठं पातेलं, पातेल्यात तीन लहान पातेली, सगळ्यात लहान पातेल्यात झाकणांच्या मुठी. त्याच्या पाठीमागे गुंडाळलेली सतरंजी, सतरंजीत जुन्या पंख्याची पाती. मध्ये सुटकेस, तिच्यात तुमची शाळेची प्रगतिपुस्तकं आणि लोकरीचे कपडे, कपड्यांत डांबराच्या गोळ्या, त्या आता विरल्या असतील. उजवीकडे शिलाई यंत्राचं झाकण, यंत्र देऊन टाकलं पण झाकण राहिलं. माझं पेन मागे पडत होतं. ती थांबायची, माझं लिहून झालं की पुढची वस्तू. नंतर माळा खाली केला तेव्हा जवळजवळ सगळं तसंच निघालं. धूळ फक्त तिने सांगितली नव्हती.

त्या वेळी मला प्राचीन ग्रीक कवी सायमॉनिडीसची गोष्ट आठवली होती. मेजवानीतून तो जरा बाहेर गेला आणि मागे छत कोसळलं. आतली माणसं ओळखू येईनात. तेव्हा कोण कुठे बसलं होतं हे आठवून त्याने एकेकाची ओळख पटवली, आणि त्यातूनच जागेच्या आधाराने स्मरणात ठेवण्याची विद्या निघाली असं सांगतात. जागा आणि आठवण यांचं हे नातं आता प्रयोगशाळेतही दिसलं आहे. जॉन ओकीफ आणि जोनाथन डोस्ट्रोव्स्की यांनी १९७१ मध्ये उंदरांच्या मेंदूत अशा पेशी दाखवल्या, ज्या उंदीर खोलीतल्या एका विशिष्ट जागी आला की जाग्या होतात. ओकीफ यांना पुढे मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांच्याबरोबर २०१४ चं नोबेल मिळालं. त्या संशोधनातली एक गोष्ट मला सारखी आठवते. उंदराला दुसऱ्याच खोलीत नेलं, की त्याच पेशी वेगळ्या रीतीने जाग्या होऊन नवा नकाशा तयार करतात. आधीच्या खोलीच्या नकाशावरून नव्या खोलीचा नकाशा काढता येत नाही. तो नव्याने, तिथे फिरूनच तयार व्हावा लागतो. आई खुर्चीत बसून माळा सांगू शकली, कारण कधीकाळी त्या माळ्यावरची प्रत्येक वस्तू तिने स्वतःच्या हाताने ठेवली होती. नव्या स्वयंपाकघरातलं काहीच तिच्या हाताने ठेवलं गेलं नव्हतं. तिने ते खुर्चीतून पाहिलं होतं.

वही भरली तेव्हा तिने ती हातात घेऊन चाळली. म्हणाली, "बरं झालं. आता मला विचारायला नको कुणी." हे ती सुटकेने म्हणाली की आणखी कशाने, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही सांगता येणार नाही. तिला दिवसभर हाका मारून आम्ही दमवलेलं होतं हे खरं. आंघोळीला गेली तरी दाराबाहेरून विचारणारी माणसं आम्ही. पण विचारलं जाणं हे तिच्या दिवसाचं हाडही होतं. वही करताना मी हे सगळ्यांचं काम सोपं करतेय, अशी माझी भावना होती, आणि ती चुकीची नव्हती. गाडी आली तेव्हा सामान उतरवणाऱ्या माणसाने एका खोक्यावर हात ठेवून बाबांना विचारलं, हे कुठे? बाबांनी वही उघडली, आकडा बघितला आणि एका क्षणात उत्तर दिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मला विसरता येत नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना घरातली वस्तू कुठे आहे हे आईला न विचारता ठाऊक होतं. आई बाजूलाच उभी होती. दोघांकडे एकदम बघताना मला काय वाटावं हेच ठरेना.

टाकायचं काय आणि न्यायचं काय, यावर लोक फार बोलतात, मी थोडंच बोलेन. शेवटच्या आठवड्यात कुणाचीच निर्णयशक्ती शाबूत नसते. तेव्हा एकतर सगळं टाकलं जातं नाहीतर सगळं नेलं जातं, आणि दोन्हींचा नंतर त्रास होतो. म्हणून माळा, पलंगाखालचं, कपाटाच्या वरचं, असं जे रोज लागत नाही ते आधी, बरंच आधी. रोजचं शेवटी. फोटो मात्र आधीही बघायला घेऊ नयेत. फोटो उघडले की काम थांबतं, संध्याकाळ होते आणि चार माणसं जमिनीवर बसलेली असतात. ते बंदच न्यावेत. आणि दुसऱ्याची वस्तू त्याला न विचारता टाकू नये, तो पाच वर्षांचा असला तरी. मुलांना त्यांचं एक खोकं द्यावं, त्यांचं त्यांना भरू द्यावं, नाव त्यांचं त्यांना लिहू द्यावं. त्यात दगड निघाले तरी ते नव्या घरी जाऊ द्यावेत.

शेवटच्या दिवसाच्या काही गोष्टी अशा आहेत, की त्या आधी ठाऊक असल्या तर बरं असतं. फ्रिज उभाच न्यावा; आडवा केला तर कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत शिरतं, आणि आडवा न्यावाच लागला तर पोचल्यावर काही तास उभा ठेवून मगच सुरू करावा. पुढून उघडणाऱ्या धुलाई यंत्राच्या ड्रमला प्रवासापुरते बसवायचे बोल्ट असतात, ते यंत्र घेतलं तेव्हा कुणीतरी काढून ठेवलेले असतात आणि ते नेमके कुठे आहेत हे, पुन्हा, घरातल्या एकाच माणसाला माहीत असतं. पलंग सोडवला की त्याचे स्क्रू पिशवीत घालून ती पिशवी पलंगाच्याच फळीला चिकटवावी. टीव्हीमागच्या वायरी काढायच्या आधी त्यांचा फोटो काढावा. औषधं, कागदपत्रं, चार्जर, साबण, एक चादर, एक बल्ब, पेचकस, टेप आणि कात्री हे आपल्या हातातल्या पिशवीत, गाडीत नाही. निघताना प्रत्येक कपाट उघडून बघावं असं सगळेच सांगतात. मी म्हणते, प्रत्येक दार बंद करून बघावं. दारामागच्या खुंट्यांवर टॉवेल, पिशव्या, रेनकोट लटकलेले राहतात, आणि उघड्या दारामागे ते दिसत नाहीत.

नव्या घरातली ती गाळणी काही दिवसांनी ओट्याखालच्या कप्प्यात नव्हती. ती खिडकीशेजारच्या खुंटीवर आली होती. मग एके दिवशी मोठ्या डब्यांची रांग उलटी झाली. मग चमच्यांचा खण चुलीच्या डाव्या बाजूला गेला, जो वहिनीच्या हिशेबाने उजवीकडे असायला हवा होता. कुणी काही बोललं नाही. वहिनीला ते दिसत होतं, तिने एकदा मला नजरेनेच दाखवलं, आणि त्या नजरेत राग नव्हता. पुढच्या वेळी धुतलेले चमचे तिने डावीकडच्या खणात ठेवले. आई दुपारी सगळे झोपले की एखादा कप्पा काढायची, पुसायची, पुन्हा भरायची. गुडघ्यांना त्रास होत असणारच. मी एकदा म्हटलं, मी करते, तू सांग. ती म्हणाली, "सांगून नाही गं होत हे." आता दादा बाहेरच्या खोलीतून विचारतो आणि ती आतून सांगते. वही कुठे आहे, हेही परवा तिलाच विचारावं लागलं.

पुढच्या महिन्यात ताईचं घर हलणार आहे. काल तिच्याशी फोनवर बराच वेळ बोलले. लहान खोकी जास्त घे, जाड पेनं घे, वही आत्तापासून कर, हे सगळं सांगून झालं. स्वयंपाकघराबद्दल मी तिला एवढंच बजावलं, की बांधताना कितीही जणांचे हात लागू देत, उघडताना मात्र तू आणि भाऊजी दोघंच बसा, कारण स्वयंपाक तुम्ही दोघं करता. बाकीच्यांनी खोकी आत आणून द्यावीत, कागद गोळा करावेत आणि बाहेर जाऊन पलंग जोडावेत. एखाद्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला वाकता येत नसेल, तर त्याच्या शेजारी बसून वस्तू एकेक करून त्याच्या हातात द्यावी आणि त्याने दाखवलेल्या जागी ठेवावी. वेळ चौपट लागतो. लागू द्यावा. ताई म्हणाली, तेवढ्या दिवसांत जेवायचं काय? मी म्हटलं, एक पातेलं आणि दोन ताटं हातातल्या पिशवीत घाल, भागतं. हे तिला पटलं. किल्ल्यांच्या डब्यावर मात्र आमचं अडलंय. तिच्याकडे एक डबाभर किल्ल्या आहेत, कुठल्या कुलपांच्या ते तिलाही माहीत नाही, सासूबाईंना माहीत असायचं. भाऊजी म्हणतात टाकून देऊ, ताई म्हणते थांबा. मी तिला म्हटलंय, वहीत त्यांना वेगळा आकडा दे आणि पुढे काय लिहायचं ते मी आले की ठरवू.